टाउटनच्या रणभूमीवर कॅमेरा घेऊन जाताना

यॉर्कशरमधल्या टाउटन गावाच्या दक्षिणेला, रस्त्याच्या कडेला एक जुना दगडी क्रॉस उभा आहे. तिथून चौफेर नजर फिरवली तर गव्हाचं नाहीतर जवाचं शेत, झुडपांची कुंपणं, लांबवर रानाचा एक तुकडा आणि वर भलंमोठं आकाश एवढंच दिसतं. पहिल्यांदा येणारे पाच मिनिटं थांबतात, क्रॉसचा एक फोटो काढतात आणि निघून जातात. मीही पहिल्या खेपेला तेच केलं होतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहायचं ठरवलं.

आधी थोडक्यात, तिथं काय घडलं ते. २९ मार्च १४६१, ईस्टरच्या आधीचा रविवार, ज्याला पाम संडे म्हणतात. एका बाजूला यॉर्क घराण्याचा अठरा वर्षांचा एडवर्ड, तीनच आठवड्यांपूर्वी स्वतःला राजा म्हणवून घेतलेला. दुसऱ्या बाजूला लँकेस्टर घराण्याच्या सहाव्या हेन्रीची फौज; हेन्री स्वतः मागे यॉर्क शहरात थांबलेला. भर हिमवर्षावात लढाई जुंपली आणि संध्याकाळपर्यंत लँकेस्टरची फौज पार मोडली. त्या काळच्या पत्रांत मृतांचा आकडा २८,००० दिला आहे. आजचे बहुतेक अभ्यासक तो फुगवलेला मानतात, तरीही इंग्लंडच्या भूमीवरची सर्वांत रक्तरंजित लढाई म्हणून टाउटनचंच नाव घेतलं जातं. सालाकडे लक्ष गेलं का? १४६१. पानिपतच्या बरोबर तीनशे वर्षं आधी. पानिपतच्या मैदानावर उभं राहून 'हेच का ते?' असं ज्याच्या मनात येऊन गेलंय, त्याला टाउटनला आल्यावर तीच हुरहूर ओळखीची वाटेल.

तर या रिकाम्या शेताचा फोटो काढायचा कसा?

सुरुवात क्रॉसपासून करू नका

माझी पहिली फेरी जूनमधली, भर दुपारची. लीड्सला राहायला येऊन दोनच महिने झाले होते. वाइड लेन्स लावून साठेक फोटो काढले. घरी येऊन पाहिलं तर प्रत्येक फोटोत खाली एक हिरवा पट्टा, वर एक निळा पट्टा. प्रत्यक्ष चालताना जो उतार पोटऱ्यांना जाणवला होता, तो एकाही फोटोत नव्हता.

चूक कुठं झाली ते मला शेतात कळलं नाही, ते कळलं एका चर्चमध्ये. म्हणून माझा आग्रह असा की तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

सॅक्स्टन गावाच्या पश्चिमेला लीड नावाची जुनी वस्ती होती. (लीड्स शहराशी गल्लत करू नका.) वस्ती कधीच नाहीशी झाली, उरलंय ते चौदाव्या शतकातलं सेंट मेरीचं छोटंसं चर्च. बी १२१७ रस्त्यावर, क्रुकेड बिलेट नावाच्या पबसमोर, कुरणात एकटंच उभं आहे. त्याच्याकडे जायला गाडीरस्ता नाही, गवतातून चालत जायचं. आजूबाजूला मेंढ्या चरत असतात. १९३०च्या सुमारास या भागात भटकंती करणाऱ्या मंडळींनी ते पडझडीतून वाचवलं, म्हणून त्याला भटक्यांचं चर्च असंही म्हणतात. आता ते चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्टच्या ताब्यात आहे.

आत शिरलं की एकच खोली. पांढरट भिंती, जुनी लाकडी बाकं, आणि पायाखाली तिएस नावाच्या सरदार घराण्याच्या थडग्यांच्या शिळा. वरून पाहिलं तर नुसते झिजलेले राखाडी दगड. मी त्या दिवशी मोबाइलचा टॉर्च लावून वरून खाली प्रकाश टाकला, काहीच दिसेना. मग सहज गुडघ्यावर बसले, मोबाइल जमिनीला जवळजवळ टेकवला आणि प्रकाश आडवा सोडला. त्या क्षणी ढालीची कड उठून आली. तिच्याशेजारी अक्षरांच्या खाचा, प्रत्येक खाचेत केसाएवढी सावली. मोबाइल वर उचलला की सगळं पुसलं जायचं, खाली नेला की परत उमटायचं.

दहा मिनिटं मी हाच खेळ करत बसले होते, आणि मग डोक्यात प्रकाश पडला. बाहेरचं शेत म्हणजे अशीच एक झिजलेली शिळा आहे. दुपारचा सूर्य म्हणजे वरून धरलेला टॉर्च. पुढं जे काही सांगणार आहे ते या एका गोष्टीवर उभं आहे: जमिनीचा चढ-उतार हाच तुमचा विषय आहे, आणि तो फक्त तिरप्या उजेडात दिसतो.

तुम्हीही हा प्रयोग करून बघा. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, आयएसओ (सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) १०० किंवा २००, शटर एक-दोन सेकंद उघडं, आणि टॉर्च वेगवेगळ्या कोनांतून आडवा धरून चार-पाच फोटो काढा. शिळेवर ट्रायपॉडचा टोकदार पाय मात्र टेकवू नका, रबरी टोक लावा. पाय टेकवायला बाजूची साधी फरशी आहेच.

सूर्य कुठं असतो ते आधी समजून घ्या

महाराष्ट्रात फोटोग्राफी शिकलेल्यांना इथं सर्वांत जास्त गोंधळायला होतं ते सूर्यामुळे. पुण्यात डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो. टाउटनला त्याच दिवशी, त्याच वेळी तो जेमतेम १३ अंशांवर असतो. साध्या भाषेत सांगायचं तर पुण्यात दुपारी बारा वाजता माणसाची सावली दीड मीटर पडते, इथं सात मीटरच्या वर. म्हणजे हिवाळ्यात इथं दिवसभर तिरपा उजेड मिळतो. फक्त तो दिवस फार छोटा असतो: साडेआठच्या सुमारास उजाडतं आणि पावणेचारला सूर्य गेलेला असतो.

उन्हाळ्यात याच्या बरोबर उलट. जूनमध्ये पहाटे साडेचार-पाचच्या दरम्यान सूर्य उगवतो आणि रात्री साडेनऊनंतर मावळतो. मधले बारा तास कामाचे नाहीत. पण सकाळ-संध्याकाळचा सोनेरी उजेड आपल्याकडच्यासारखा वीस-पंचवीस मिनिटांत संपत नाही. इथं सूर्य सरळ खाली बुडत नाही, क्षितिजाला घासत तिरपा जातो, त्यामुळे तासभर तरी तो प्रकाश पुरतो. घाई करू नका.

दिशाही बदलते. डिसेंबरमध्ये सूर्य आग्नेयेला उगवून नैऋत्येला मावळतो, जूनमध्ये ईशान्येला उगवून वायव्येला. एकाच जागेवरून, एकाच चौकटीचा फोटो दोन ऋतूंत अगदी वेगळा येतो तो यामुळे. सूर्याची दिशा दाखवणारी मोबाइल अॅप्स भरपूर आहेत. एखादं उतरवून घ्या आणि निघण्याआधी नकाशावर रेघा बघून ठेवा.

आणि एक बारीक गोष्ट, जी मला फार मोलाची वाटते. १४६१ साली इंग्लंडमध्ये जुनं ज्युलियन कॅलेंडर चालायचं. त्या शतकात ते आजच्या कॅलेंडरच्या नऊ दिवस मागे होतं. म्हणजे लढाईच्या दिवशी सूर्य आकाशात जिथं होता, तिथं तो आज २९ मार्चला नाही, ७ एप्रिलला असतो. त्या दिवसाचा उजेड हवा असेल तर ७ एप्रिलच्या आसपास जा. सकाळी साडेसहाच्या सुमारास सूर्योदय, संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास सूर्यास्त. अर्थात लढाईच्या दिवशी ढग आणि बर्फ यांच्याआडून सूर्य कितपत दिसला असेल, हा प्रश्न आहेच. पण ढगाळलेल्या एप्रिल सकाळीही उजेडाची जात तीच असते.

नकाशा हाती घेऊन

टाउटन हे यॉर्कच्या नैऋत्येला आणि लीड्सच्या पूर्वेला आहे. बसनं येणार असाल तर लीड्स–यॉर्क मार्गावरच्या टॅडकास्टरला उतरा. तिथून दक्षिणेला ए १६२ रस्त्यानं टाउटन साधारण चार किलोमीटर. या रस्त्यावर गाड्या जोरात असतात, त्यामुळे पहाटेच्या अंधारात चालत जाण्यापेक्षा टॅक्सी बरी. गाडीनं आलात तर क्रॉसजवळ थोडी जागा आहे. शेताच्या फाटकासमोर मात्र गाडी लावायची नाही, कितीही रिकामं दिसलं तरी. ट्रॅक्टर कधीही येतो.

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा एक्सप्लोरर नकाशा घ्या, २९० क्रमांकाचा. मोबाइलवरचा नकाशा रस्ते दाखवतो, हा नकाशा जमीन दाखवतो. त्यातल्या तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) बोटानं फिरवून बघा. पश्चिमेला त्या एकमेकींना खेटून आल्या आहेत: तिथं पठार संपून कॉक बेककडे तीव्र उतार सुरू होतो. मधोमध त्या हलकेच आत वळल्या आहेत: ती टाउटन डेल, दोन्ही फौजांच्या मधली उथळ घळ. पूर्वेला त्या विरळ होत जातात. बस, पूर्ण लढाईचं गणित या तीन गोष्टींत आहे. यॉर्कची फौज घळीच्या दक्षिणेला, लँकेस्टरची उत्तरेला, आणि पळायला पश्चिमेकडे उतार नि ओढा.

हिरव्या तुटक रेषा म्हणजे सार्वजनिक पायवाटा. जमिनीवर त्या पिवळ्या बाणांच्या खुणांनी दाखवलेल्या असतात, घोड्यांनाही परवानगी असलेल्या वाटा निळ्या बाणांनी. इंग्लंडमध्ये शेत खाजगी असलं तरी या वाटेवरून चालायचा हक्क कुणालाही आहे, पण वाट सोडून पिकात पाऊल टाकायचा नाही. चांगल्या कोनासाठी 'फक्त दोन पावलं' आत गेलेल्यांच्या खुणा मी पिकात पाहिल्या आहेत, वाईट वाटतं. आपल्याकडे कुणी उभ्या ज्वारीतून चालत गेलं तर शेतकऱ्याला जे वाटेल, तेच इथंही वाटतं.

काय न्यायचं

यात फार वेळ घालवू नका. हातात आहे तो कॅमेरा चालेल, चांगला मोबाइलही चालेल. एकच सल्ला ठामपणे देते: वाइड लेन्सच्या मोहात पडू नका. वाइड लेन्स जमीन ताणून सपाट करते आणि उतार गिळून टाकते. ७०-२०० सारखी टेलिफोटो लेन्स लांबच्या गोष्टी जवळ ओढून एकमेकींवर रचते. घळीची अलीकडची कड, पलीकडचा चढ, त्यामागचं कुंपण असे थर दिसायला लागतात. मोबाइल असेल तर अल्ट्रावाइड विसरा, दुप्पट-तिप्पट झूमची लेन्स वापरा.

ट्रायपॉड हवाच, आणि तो दणकट हवा, कारण या पठारावर वारा अडवायला काही नाही. बॅग मधल्या हुकाला लटकवा, पण ती झुलू देऊ नका, जमिनीला टेकेल इतपत खाली सोडा. थंडीत बॅटरी लवकर उतरते, तेव्हा दुसरी बॅटरी अंगातल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. बूट घोट्याच्या वरपर्यंतचे. नांगरलेल्या शेताकडेचा चिखल बुटाला असा चिकटतो की दहा पावलांत पाय दुप्पट जड होतात.

सेटिंग्ज सोप्या आहेत. रॉ (कॅमेऱ्यानं न बदललेली) फाइल, आयएसओ १००, अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ते एफ/११. फोकस चौकटीच्या साधारण एक तृतीयांश आत. आकाश जमिनीपेक्षा फार उजळ असतं, तेव्हा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार दाखवणारा आलेख, बघा. तो उजवीकडच्या भिंतीला आदळत असेल तर ढग पांढरेफटक झालेत असं समजा आणि एक्स्पोजर कमी करा. ग्रॅज्युएटेड (वरचा अर्धा भाग गडद असलेला) फिल्टर असेल तर उत्तम, नसेल तर एक फोटो आकाशासाठी आणि एक जमिनीसाठी काढून घरी जोडा. बर्फ असेल तर उलट करायचं: कॅमेरा बर्फाला राखाडी करून टाकतो, तेव्हा एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, वाढवा.

व्हाइट बॅलन्स (रंगछटा ठरवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, 'डेलाइट'वर बांधून टाका. कारण सांगते. हा सगळा टापू मॅग्नेशियमयुक्त चुनखडीचा आहे, सायीच्या रंगाचा दगड. यॉर्क मिन्स्टर बांधायला टॅडकास्टर भागातूनच हा दगड गेला. इथली घरं, चर्चं, कुंपणाच्या भिंती त्याच दगडाच्या, नांगरलेल्या शेतातून वर आलेले खडेसुद्धा तेच. संध्याकाळच्या उन्हात हा दगड मधासारखा उजळतो. ऑटो व्हाइट बॅलन्सला तो पिवळेपणा दोष वाटतो आणि तो पुसून टाकतो.

आता क्रॉसकडे

लीडच्या चर्चमधून निघून क्रॉसपाशी या. याला लॉर्ड डेकरचा क्रॉस म्हणतात; डेकर हा लँकेस्टरकडून लढताना इथं पडलेला सरदार. क्रॉसचा फोटो काढायचाच असेल तर बसून, खालून काढा, म्हणजे तो आकाशावर उठून दिसेल. रस्त्यावर मात्र उभं राहू नका. बी १२१७ अरुंद आहे आणि गाड्या भरधाव येतात.

मग क्रॉसकडे पाठ करून पश्चिमेकडे जाणारी पायवाट धरा. वाटेवर माहितीफलक लावले आहेत, ते जरूर वाचा. काही मिनिटांत पठाराची कड येते आणि खाली एकदम कॉक बेकचं खोरं उघडतं. रस्त्यावरून याची कल्पनाही येत नाही. पहिल्या फेरीत मी इथपर्यंत आलेच नव्हते, आणि खरी रणभूमी इथं आहे.

इथं कुठल्या वेळी काय करायचं ते नीट सांगते. सकाळी सूर्य पाठीमागून, पूर्वेकडून येतो, आणि पश्चिमेकडे उतरणारा हा उतार सावलीत असतो. उतारासाठी ही वेळ वाईट, पण आदल्या रात्री आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरात, तर खोऱ्यात धुकं साठतं आणि ओढ्याची नागमोडी वाट धुक्याच्याच रेषेनं काढलेली दिसते. लांब लेन्स लावून तेवढीच पकडा. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला उतरला की कडेवर उभं राहून थेट पश्चिमेकडे बघू नका, उत्तरेकडे नाहीतर दक्षिणेकडे वळा. आता उजेड बाजूनं, उताराला घासत येतो. जमिनीतली प्रत्येक वळी, जुन्या बांधाची प्रत्येक खूण वर येते. लीडच्या शिळेवरची ढाल आठवा, तसंच.

नैऋत्येला दिसणारं रान म्हणजे कॅसल हिल वुड. लँकेस्टरच्या काही तुकड्या तिथं दबा धरून बसल्या होत्या असं परंपरा सांगते. दुपारनंतर रान काळं पडतं आणि पुढचं कुरण उजळ राहतं. हा काळा-उजळ भेद कृष्णधवल फोटोत फार उठावदार येतो.

आता घळ. तिचा फोटो दोन्ही बाजूंनी काढा, आणि यासाठी वेळ राखून ठेवा. दक्षिणेच्या कडेवरून, म्हणजे यॉर्कच्या बाजूनं, उत्तरेकडे बघाल तर सूर्य दिवसभर पाठीशी असतो. समोरचा चढ स्वच्छ, उजळ, अंतर अगदी थोडं वाटतं. मग चालत पलीकडे जा, लँकेस्टरच्या बाजूला, आणि दक्षिणेकडे तोंड करा. सूर्य डोळ्यांत येतो, समोरचा उतार सावलीत, माणूस डोळे किलकिले करतो. लढाईच्या दिवशी इथं सूर्य नव्हता, पण वारा होता, आणि तो दक्षिणेकडून बर्फ घेऊन याच लोकांच्या तोंडावर येत होता. नंतरच्या इतिवृत्तात लिहिलंय की यॉर्कच्या धनुर्धाऱ्यांचा नायक फॉकनबर्ग यानं वाऱ्याचा फायदा घेऊन बाणांची एक झड सोडली आणि आपली माणसं मागे घेतली. समोरच्यांनी बर्फात आंधळेपणानं भाता रिकामा केला, ते बाण वाऱ्याविरुद्ध जाऊन अलीकडेच पडले. यॉर्कच्या लोकांनी मग तेच बाण उपसून परत मारले. ही हकीकत वाचून माहीत असणं वेगळं. उत्तरेच्या कडेवर उभं राहून, समोरच्या वाऱ्यानं लेन्स दर अर्ध्या मिनिटाला पुसावी लागताना ती आठवणं वेगळं. सूर्यासमोरचा फोटो काढताना लेन्सवर हाताची सावली धरा आणि एक्स्पोजर आकाशाला जुळवा. जमीन काळी गेली तरी चालेल.

ओढ्याकडे उतरताना

कडेनं उत्तरेकडे जात राहिलात की जुना लंडन रस्ता लागतो. आज ती झाडीतून ओढ्याकडे उतरणारी मातीची वाट आहे, शतकानुशतकांच्या वापरानं खोल गेलेली. मोडलेली फौज याच बाजूनं पळाली. ड्यूक ऑफ नॉरफोक या सरदाराची ताज्या दमाची कुमक यॉर्कच्या मदतीला आली, फळी ढासळली, आणि चिलखतातली माणसं निसरड्या उतारावरून ओढ्यात कोसळली. प्रेतांचा पूल झाला आणि त्यावरून बाकीचे पळाले, असं सांगतात.

आणि मग तुम्ही कॉक बेकपाशी पोचता. यॉर्कशरच्या बोलीत 'बेक' म्हणजे ओढा, आणि हा खरोखर ओढाच आहे. एरवी तरणा माणूस धावत येऊन उडी मारील एवढी रुंदी. इथं आल्यावर मला नेहमी वाटतं, एवढ्याशा पाण्यात? पण काठावर बसून बघा: काठ उभे आहेत, चिकणमातीचे, आणि पाणी गढूळ असल्यामुळे तळ दिसत नाही. मार्चमध्ये बर्फ वितळून तो भरून वाहत असणार.

हा फोटो कठीण आहे. वरची झाडी उजेड अडवते, म्हणून उजळ ढगाळ दिवस सर्वांत चांगला. पोलरायझर फिल्टर लावून ओल्या पानांवरची चकाकी काढा. पाण्याचं दूध करणारा लांब शटर इथं वापरू नका, त्यानं ओढा गोड दिसायला लागतो. शटर १/६० च्या आसपास ठेवा, पाणी पाण्यासारखं दिसू द्या, आणि चौकटीत काठाचा उभा मातीचा कडा असू द्या. पावसानंतर काठाच्या अगदी जवळ जाऊ नका, माती सुटते.

कुठल्या महिन्यात काय

जानेवारी-फेब्रुवारीत दहिवर पडतं तेव्हा नांगरलेल्या सऱ्यांच्या एका बाजूला पांढरं आणि दुसऱ्या बाजूला काळं असं रेखाटन तयार होतं. माझा सर्वांत आवडता काळ हाच. पीक उभं नसल्यामुळे जमिनीची हाडं दिसतात. मार्च-एप्रिलमध्ये हवा क्षणाक्षणाला बदलते. सर पडून गेल्यावर ढग फाटतात, उन्हाचा एक झोत शेतावरून पुढं पुढं सरकत जातो. चौकट आधी बांधून ठेवा आणि झोत तिथं यायची वाट बघा.

एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात मोहरीसारखी पिवळीधमक तेलबियांची शेतं फुलतात. सगळे फोटोग्राफर याच वेळी येतात. मला हा रंग इथं जड वाटतो, सगळी नजर तोच खेचून घेतो. तुम्हाला काढायचेच असतील तर पिवळा पट्टा चौकटीचा चौथा हिस्सा राहील एवढाच घ्या. जून-जुलैत पीक कमरेएवढं होतं, चढ-उतार झाकले जातात, कडेला पॉपीची लाल फुलं मात्र मिळतात. ऑगस्टच्या कापणीनंतर खुंटांच्या रांगा उताराबरोबर वाकत जातात, आणि त्या रांगाच तुम्हाला घळीचा आकार दाखवतात. ही वेळ नवख्यांसाठी सगळ्यांत सोपी.

सॅक्स्टनचं थडगं आणि हाडांचा प्रश्न

परतताना सॅक्स्टन गावातल्या ऑल सेंट्स चर्चमध्ये थांबा. आवारात, चर्चच्या उत्तरेला लॉर्ड डेकरचं पेटीसारखं थडगं आहे. पाणी पिण्यासाठी शिरस्त्राण काढलं आणि बाण लागला, अशी त्याच्या मृत्यूची हकीकत गावोगाव सांगतात. त्याला घोड्यासह पुरलं असंही म्हणतात. थडगं उत्तरेला असल्यामुळे हिवाळ्यात त्यावर ऊन येतच नाही. बाजूवरची कुलचिन्हं टिपायची तर मे ते जुलैमधली संध्याकाळ गाठा, सूर्य वायव्येकडे झुकतो तेव्हा.

१९९६ साली टाउटन हॉलमध्ये बांधकाम चालू असताना एक सामूहिक कबर सापडली. तीसहून अधिक माणसांचे सांगाडे, एकमेकांवर रचलेले, कवट्यांवर वारावर वार. या शेताच्या खाली अजून काय आहे कुणास ठाऊक. म्हणून एक विनंती: वाटेत धातूचा तुकडा, हाड, काहीही वर आलेलं दिसलं तर उचलू नका. बाणाचं टोक कुठं पडलं होतं यावरूनच फौजा कुठं उभ्या होत्या हे संशोधकांना कळतं. जागेवरून हललं की ते नुसतं लोखंड उरतं. ड्रोन उडवायचा असेल तर ब्रिटनचे नोंदणीचे नियम आधी वाचा, शेतमालकाला विचारा, आणि पूर्वेला चर्च फेंटनची धावपट्टी आहे हे विसरू नका.

घरी आल्यावर

फोटो सुधारताना सावल्या उजळवायचा मोह होतो. आवरा. सावली काढलीत तर उतार गेला. रंग थोडे कमी करा, काँट्रास्ट थोडा वाढवा, दहा-बारा फोटो ठेवा, बाकीचे बाजूला काढा. फोटोखाली ओळ लिहिताना '२८,००० माणसं इथं मेली' असं खात्रीनं लिहू नका. 'त्या काळच्या पत्रांनुसार' एवढे शब्द जोडा.

आणि प्रत्येक फोटोची नोंद ठेवा: तारीख, वेळ, तोंड कुठल्या दिशेला, वारा कुठून. पुढच्या खेपेला कुठं उभं राहायचं ते यावरूनच ठरतं. माझ्या वहीतली एक नोंद नमुना म्हणून देते: '७ एप्रिल, सकाळी ७.१०. घळीची उत्तरेची कड, तोंड दक्षिणेला. आकाश पूर्ण ढगाळ. वारा समोरून, भुरभुर पाऊस. लेन्स सहा वेळा पुसली. तीन फोटो, एक बरा.'